बारा पौंडांचं पुठ्ठ्याचं चर्च

मुलगी इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. तिच्या घरापासून अर्ध्या तासावर एक लहानसं गाव आहे. त्या गावच्या जुन्या चर्चमध्ये, दाराजवळच्या टेबलावर, कागद कापून-चिकटवून छोटं चर्च उभं करायचं हे किट ठेवलेलं असतं. विकायला कुणी बसलेलं नसतं. किट उचलायचं आणि भिंतीतल्या लोखंडी पेटीच्या फटीतून १२ पौंड टाकायचे. छपरावरच्या शिशाच्या पत्र्यांच्या दुरुस्तीला हे पैसे जातात, असं पाकिटावरच छापलंय. मुलीच्या ओळखीचं एक कुटुंब जूनअखेरीस बडोद्याला आलं, त्यांच्या बॅगेतून ते आमच्या दांडिया बाजारातल्या घरी पोचलं. एक कोपरा तेवढा दुमडला होता.

आत ए-फोर आकाराचे ९ जाड कागद, त्यांवर छापलेले १३२ भाग आणि एक आठपानी पुस्तिका. प्रमाण १:१००, म्हणजे खऱ्यातला एक मीटर इथे एक सेंटिमीटर. मी कलाभवनातून डिप्लोमा केला आणि ३३ वर्षं पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. निवृत्तीनंतर स्टीलची पट्टी आणि कटर पुन्हा हातात धरायला निमित्त मिळालं. पुरं व्हायला साडेपाच आठवडे लागले; आषाढ संपून श्रावण अर्धा सरला. ज्यांची मुलं तिकडे आहेत (आणि आपल्या बडोद्यात अशी घरं थोडी नाहीत) त्यांनी हे जरूर मागवावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय. तक्रारीही आहेत, त्याही सांगतो.

दुकानात मिळणारी ताजमहालाची किंवा आयफेल टॉवरची मॉडेलं जोत्यापासून वर चढत जातात आणि शेवटचा तुकडा बसला की संपतात. हे किट सालवारीने चढतं. पहिल्या दोन कागदांवर ११५० सालचं चर्च आहे, पुढच्या दोनांवर १२२० सालची भर, मग १३४० चा मनोरा, शेवटच्या तिनांवर १४८० ची कामं. प्रत्येक टप्प्याअखेरीस टेबलावर एक पुरं चर्च उभं असतं. मग पुढचं पान उलटायचं आणि तेच चर्च थोडं तोडायचं.

पहिला टप्पा साधा आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकात गावोगाव असंच बांधायचे: लोकांना उभं राहायला एक लांबट दालन, त्याच्या पूर्वेला धर्मगुरूसाठी त्याहून अरुंद आणि लहान दालन, मध्ये अर्धगोल कमान. आपल्या भाषेत सभामंडप आणि गाभारा. मोठ्या दालनाला नेव्ह म्हणतात, लॅटिनमधल्या जहाजाच्या शब्दावरून. लहान दालन ते चॅन्सेल. तो शब्द मधल्या जाळीच्या पडद्यावरून आला. खिडक्या इतक्या लहान की कापताना कटरचं टोकच मावत नाही. भिंती मात्र जाड, आणि इथे किट करणाऱ्याचं कौतुक करावंसं वाटतं. भिंत एकाच पुठ्ठ्याची केलेली नाही. दोन पुठ्ठे समोरासमोर, मध्ये ९ मिलिमीटरची पोकळी. खऱ्या भिंतीही तशाच असत, आत-बाहेर घडीव दगडांचा थर आणि मध्ये चुन्यात कालवलेली खडी नि तुकडे. दाराच्या कमानीवर नागमोडी दात कोरलेले दाखवलेत. ती नक्षी नॉर्मन कामाची खूणच. हेरफर्डशरमधल्या किलपेकच्या चर्चचं दार, साधारण ११४० चं, तांबड्या दगडातलं, मी फक्त फोटोत पाहिलंय. तिथे छपराखाली रांगेने कोरलेल्या प्राण्यांच्या आणि माणसांच्या तोंडांपैकी ऐंशीहून अधिक आजही शाबूत आहेत. आपल्याकडच्या देवळांच्या बाहेरच्या थरांची आठवण यावी इतकी ती मोकळी आहेत.

दुसऱ्या टप्प्याने मला या किटच्या प्रेमात पाडलं.

पुस्तिकेत लिहिलंय: उत्तरेला बाहेरून नवी भिंत उभी करा, तिच्यावर उतरतं छप्पर टाका. झाली पडवी, म्हणजे त्यांची आइल. आता नेव्हची जुनी उत्तर भिंत तुटक रेषेवरून कापा. चार दिवसांपूर्वी चिकटवलेली, दोन्ही पुठ्ठे नीट वाळलेली भिंत. बायको भाजी निवडत शेजारी बसली होती, ती म्हणाली, "अहो, आत्ता तर लावलीत, आणि लगेच कापताय?" माझाही हात थांबला होता. पण तेव्हाचे गवंडी नेमकं हेच करत. गाव वाढलं, जागा पुरेना, तर जुनं पाडून नवं बांधायला पैसा कुणाकडे? बहुतेक ठिकाणी पडवी आधी बाहेर उभी राही, आत प्रार्थना चालूच असे. मग जुन्या भिंतीत एकेक भोक पाडून तिथे खांब रचायचा, वर टोकदार कमान घालायची आणि पुढच्या खणाला जायचं. म्हणून कमानींच्या वर उरलेली भिंत खालच्या खांबांपेक्षा जुनी असते. वरचं जुनं, खालचं नवं! शेजारचा सहावीतला मुलगा शाळेतून आला की माझ्याकडे येतो. त्याला हे पटेचना. त्याने भिंतीतली एक जागा दाखवली: "आजोबा, ही खिडकी अर्धीच का आहे?"

मी चष्मा बदलून पाहिलं. नव्या टोकदार कमानीच्या खांद्याला जुन्या गोल खिडकीचा वरचा अर्धा भाग तसाच छापलेला होता. खालचा अर्धा भाग कमानीत गेला. खिडकी बुजवलेली, तिच्यातून आता पडवीचं छप्परच दिसणार, पण कुणी ती पुसून टाकली नाही. नखाएवढा तो अर्धगोल. इंग्लंडमधल्या कितीतरी चर्चमध्ये असे अर्धे गोल भिंतीत अडकलेले असतात. पाहणाऱ्याने मान वर करायला हवी, एवढंच.

आमच्या वाड्यात मागच्या खोलीत विटांनी बुजवलेलं एक दार आहे. पणजोबांच्या वेळी तिथून विहिरीकडे जात. वाटण्या झाल्या, विहीर चुलत्यांकडे गेली, दार बुजलं. विटा नव्या आकाराच्या, चुना वेगळा, गिलावा कितीही दिला तरी पावसाळ्यात त्या चौकटीची रेघ ओलीने उमटतेच. लहानपणापासून ती रेघ पाहतोय. ते अर्धं भोक कापताना पहिल्यांदा वाटलं की हे चर्च मला वाचता येतंय.

भाऊबंदकीवरून आठवलं. पुस्तिकेत एका ओळीत सांगितलंय की नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी करायची आणि चॅन्सेलची धर्मगुरूने, म्हणजे ज्याला तिथलं धान्याचं दशांश उत्पन्न मिळे त्याने. एका छपराखाली दोन मालक. पुढे मठ बुडाले, त्यांच्या जमिनी खाजगी हातांत गेल्या आणि काही जमिनींबरोबर चॅन्सेल दुरुस्तीची जबाबदारीही विकली गेली. वॉरिकशरमधल्या अॅस्टन कँटलो गावात हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि २००३ मध्ये निकाल लागला की तिथल्या शेताच्या मालकांनीच चॅन्सेल दुरुस्त करून द्यायचं. मध्ययुगातलं बंधन एकविसाव्या शतकात वसूल झालं. सामाईक छपराच्या गळतीवरून ज्यांच्या घरात कधी बोलाचाली झाली असेल त्यांना हे लगेच कळेल.

इथेच मला किटमध्ये चूक सापडली असं वाटलं. चॅन्सेलचा तळ नेव्हच्या रेषेत बसेना. कोनमापक लावला, तर दोन अंश उत्तरेकडे कल. छपाई सरकली असणार म्हणून मी दुरुस्त करायला निघालो होतो, तेवढ्यात पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावरची बारीक टीप दिसली: कल मुद्दाम ठेवला आहे. इंग्लंडमधल्या अनेक जुन्या चर्चची चॅन्सेलं अशी थोडी कललेली असतात. गावकरी सांगतात, सुळावर ख्रिस्ताची मान एका बाजूला झुकली होती त्याची ती आठवण. बांधकामवाले म्हणतात, जुनी इमारत उभी असतानाच तिच्या भोवती किंवा पलीकडे नवी आखावी लागे, दोरी सरळ ताणायला वाटच नसे, मग रेषा सरकायची. मला दुसरं पटतं. कालव्याची आखणी करताना मध्ये एक आंब्याचं झाड आलं, तर पलीकडे रेषा किती हलते ते मी पाहिलंय. पण पहिली गोष्ट ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सांगितली, त्यांचंही ते चर्च होतंच.

आता मनोरा, आणि तक्रार. किटचा कागद भिंतींना पुरतो, पण २० सेंटिमीटर उंच मनोऱ्याला तो फार पातळ आहे. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत तर विचारूच नका. उरलेले कागद मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवत होतो, तरी चिकटवलेला मनोरा दुसऱ्या दिवशी सकाळी पिळला गेला. पायापासून माथ्यापर्यंत चांगला बोटभर. रावपुऱ्यातल्या बुकबाइंडिंगवाल्याकडून दाट गोंद आणला, पूर्ण मनोरा उकलला आणि आत चार ठिकाणी फुलीच्या आकाराचे आडवे टेकू घातले, जुन्या लग्नपत्रिका कापून. पत्रिकेइतका ताठ पुठ्ठा घरात दुसरा नसतो. डर्बीशरमधल्या चेस्टरफिल्डच्या चर्चचं शिखर असंच पिळलेलं आहे, २२८ फूट उंच आणि टोक साडेनऊ फूट बाजूला सरकलेलं. ओलं लाकूड वापरलं, आत पुरेसे तिरपे टेकू नाहीत, वर शिशाचं वजन. रोग तोच. किट काढणाऱ्यांनी मनोऱ्याचे कागद तरी जाड द्यावेत.

मनोऱ्याचा रंग मात्र मुद्दाम पाहा. खालचा अर्धा करडा, वरचा पिवळसर, मध्ये एकही सजावटीची पट्टी नाही, काम नुसतं तुटलंय. पुस्तिकेत तिथे फक्त साल आहे: १३४९. प्लेगचं साल. १३४८-४९ या दोन वर्षांत इंग्लंडमधली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. गवंडी गेले, मजुरी देणारे गेले. बरीच कामं अर्धी थांबली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा दगड दुसऱ्या खाणीचा होता, हात दुसरे होते. हर्टफर्डशरमधल्या अॅशवेलच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी टोकदार हत्याराने लॅटिन ओळी कोरल्यात, १३५० च्या. साथ किती निर्दय होती ते, आणि मागे उरलेली माणसं केवळ साक्षीला उरली, असा त्यांचा आशय. त्याखाली १३६१ च्या मोठ्या वादळाचीही नोंद आहे. दोन रंगांचा तो जोड चिकटवताना आम्ही तिघंही गप्प होतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतली पाच दारं बंद झाली होती, त्यातलं एक या मुलाच्या आजीचं.

शेवटचा टप्पा पैशाचा आहे. १४०० नंतर कॉट्सवोल्डच्या टेकड्या आणि सफकचा भाग लोकर आणि कापडावर श्रीमंत झाला आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी तो पैसा गावच्या चर्चमध्ये ओतला. नेव्हच्या भिंती उंच झाल्या, वर खिडक्यांची रांग आली, खालच्या खिडक्या भिंतभर झाल्या. कमानी टोकदार होत्या त्या चपट्या झाल्या, आणि काचेच्या मधल्या दगडी पट्ट्या सरळ खालून वर गेल्या. या शैलीला पर्पेंडिक्युलर म्हणतात. (नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही वाटणी थॉमस रिकमन यांनी १८१७ च्या पुस्तकात रूढ केली. बांधणाऱ्या गवंड्यांना असलं काही नाव ठाऊक नव्हतं.) छप्पर मात्र खाली आलं. आधीचं उंच, दोन बाजूंनी तीव्र उताराचं होतं, पाणी झटकन ओघळायला. आता शिशाचे पत्रे आले, आणि शिसं तीव्र उतारावर टिकत नाही. उन्हाने प्रसरण पावून स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरतं. म्हणून आढं खाली, वासे जवळजवळ आडवे.

जुनं छप्पर काढून नवं बसवलं आणि मनोऱ्याच्या अंगावर उलट्या व्ही आकाराची एक रेघ उघडी पडली. तिसऱ्या टप्प्यात ती मी पाहिलीच नव्हती, छपराखाली झाकलेली होती. जुन्या छपराच्या कडेची ती खूण, पाणी आत शिरू नये म्हणून दगडात काढलेली कड. आता तिच्याखाली छप्पर नाही, नुसती रेघ. हा एक क्षण १२ पौंडांत फार स्वस्त आहे.

खिडक्यांबद्दल मात्र मी नाराज आहे. त्या करड्या रंगात छापल्यात, काचेच्या जागी चौकटी-चौकटी. २०१९ मध्ये मुलीकडे गेलो तेव्हा जावई आम्हाला फेअरफर्डला घेऊन गेले होते. जॉन टेम नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १५व्या शतकाच्या अखेरीस ते चर्च जवळजवळ नव्याने बांधायला घेतलं आणि त्याच्या मुलाने, एडमंडने, पुरं केलं. मध्ययुगीन रंगीत काचेचा जवळपास संपूर्ण संच शिल्लक असलेलं इंग्लंडमधलं हे एकमेव गावचं चर्च. २८ खिडक्या. ईव्हच्या फळापासून सुरुवात होते आणि मारीया, ख्रिस्त, सूळ अशी गोष्ट फिरत फिरत पश्चिमेच्या खिडकीत अखेरच्या न्यायाला पोचते. तिथे देवदूत तराजूत आत्मे तोलतोय आणि खाली लाल-निळ्या काचेत सैतान माणसं ओढून नेताहेत. तिचा वरचा भाग १७०३ च्या वादळात मोडला, आताची तिथली काच १९व्या शतकातली. खालचे सैतान जुनेच. लक्ष्मीविलास पॅलेसच्या दरबार हॉलमधल्या बेल्जियमच्या काचा मी लहानपणापासून पाहिल्यात, पण त्या शोभेच्या. इथे वाचता न येणारा मेंढपाळ काच वाचत होता. आपल्या तांबेकर वाड्यात भिंतीभर रामायण आणि कृष्णलीला आहेत, तोच भाव. हे पाहून आल्यावर करडी खिडकी मला लावता येईना. खात्यातला ट्रेसिंग पेपर अजून घरात आहे. खिडक्या कोरून काढल्या, मागून ट्रेसिंग लावलं आणि बायकोने रांगोळीच्या नजरेने त्यावर शाईचे रंग भरले. पश्चिमेची खिडकी तिची आहे.

दुसरी नाराजी मोठी. आतल्या सगळ्या भिंती पांढऱ्या ठेवल्यात आणि पुस्तिकेत त्याबद्दल चकार शब्द नाही. १४८० मध्ये त्या पांढऱ्या नव्हत्या. चॅन्सेलच्या कमानीवर अखेरच्या न्यायाचं चित्र असे, भिंतींवर संत, खांबांवर रंग. १५४७ मध्ये प्रोटेस्टंट पंथाचा सहावा एडवर्ड गादीवर आला, मूर्ती काढायचे हुकूम निघाले आणि चुन्याचे हात फिरले. पुढे १६४३-४४ मध्ये विल्यम डाउसिंग नावाचा माणूस सफक आणि केंब्रिजशरमध्ये चर्चमागून चर्च फिरला, काय काय फोडलं याची रोजनिशी ठेवत. पांढरी भिंत म्हणजे इतिहासाचं एक पान आहे, ते सांगायला हवं होतं. सफकमधल्या वेनहॅस्टनची गोष्ट तर किती जणांना माहीत असेल! तिथे चॅन्सेलच्या कमानीत चुना फासलेल्या जुन्या लाकडी फळ्या होत्या. १८९२ च्या दुरुस्तीत त्या निरुपयोगी म्हणून काढून बाहेर दफनभूमीत ठेवल्या. रात्री पाऊस झाला, चुना धुऊन निघाला आणि सकाळी फळ्यांवर अखेरचा न्याय दिसायला लागला. साडेतीनशे वर्षं पांढऱ्याखाली होता तो. आता त्या फळ्या पुन्हा त्याच चर्चमध्ये आहेत. मी ही गोष्ट मुलाला सांगितली तेव्हा बाहेर सूरसागर तलावावर धो धो पाऊस चालला होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या रंगपेट्या घेऊन आला. आमच्या चर्चच्या कमानीवर आता तराजू आहे.

सेवेबद्दल: भाग क्रमांक ८७, पोर्चचं छप्पर, माझ्या किटमध्ये नव्हताच. पुस्तिकेतल्या पत्त्यावर ईमेल केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोबत त्या भागाचं छापण्याजोगं चित्र आणि मॉडेलचे फोटो पाठवा अशी विनंती. मी नऊ फोटो पाठवले. भारतात ते टपालाने पाठवत नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्यालाच सांगावं लागतं. सूचना इंग्रजीत आणि अक्षर बारीक, भिंग जवळ ठेवा. कटरची नवी पाती घ्या, दहा तरी लागतात. दहा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने करता येणार नाही. पावसाळ्यात करू नका, दिवाळीनंतर करा. पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा मनोऱ्याच्या कागदाचा आणि पांढऱ्या भिंतींचा मिळून.

शेजारच्या मुलाला आता स्वतःचं हवंय, पहिल्या भिंतीपासून. दुसरं किट नोव्हेंबरात येतंय. मुलीला सांगितलंय, पेटीत या वेळी पंधरा टाक.